चंपत मेश्राम आणि घासलेले पत्रे

चंपत मेश्रामचं शॉपमध्ये कोणाशीच पटत नसे, आणि पटावं असं त्याला वाटतही नसे. सकाळी पाळीवर आलेली माणसं एकमेकांना रामराम करत, कोणी आपली बिडी दुसऱ्याच्या बिडीवर पेटवून घेई, कोणी घरचं रडगाणं सांगे. चंपत जयभीम म्हणे, आणि तेही जो उलट जयभीम म्हणेल त्यालाच. त्या शॉपमध्ये तसं म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं. म्हणून तो कोणालाच काही न म्हणता खिळ्याला डबा अडकवी, बाह्या वर सारी आणि कामाला लागे.

साठ सालच्या आसपासची ही गोष्ट. भिलाईत पहिली भट्टी पेटली होती, पुढच्या भट्ट्या उभ्या राहत होत्या, आणि लाल माती जेवणाच्या डब्यातसुद्धा सापडत होती. मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करायचं हे शॉप कारखान्याच्या एका कडेला होतं. आतली बहुतेक माणसं तिरोडा, गोंदिया, भंडारा या बाजूची. शेतकऱ्यांच्या घरातली, नांगर सोडून पाना हातात घेतलेली. चंपतही त्याच मुलखातला, पवनीच्या पुढे वैनगंगेच्या काठावरचा. पण मुलूख एक असला म्हणून माठ एक होत नाही. कारखान्यात तसलं काही चालणार नाही असं वरून बजावलेलं होतं, त्यामुळे शॉपमधल्या माठाला शिवू नकोस असं त्याला कोणी म्हणालं नाही. तो पाणी पिऊन गेला की माठ मात्र पालथा होई आणि पुन्हा भरला जाई. हे त्यानं दोनदा पाहिलं आणि मग घरून बाटली आणायला लागला.

गावी त्याचं घर बिड्या वळणारं. नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर बापानं देव्हाऱ्यातले देव वैनगंगेत सोडले. त्या आठवड्यापासून बिडीच्या ठेकेदारानं त्यांनी वळलेल्या बिड्यांचे मुडे घेणं थांबवलं आणि मोठ्या घरांनी मजुरीला बोलावणं थांबवलं. चंपत बायकोला, रुक्माला, घेऊन दुर्गला उतरला आणि दोघंही भिलाईच्या मातीकामावर लागली. तो खोदी, खडी फोडी, ती टोपली वाही. राहायला टिनाची खोली. पुढे तो खलाशी म्हणून शॉपमध्ये आला, ओझी उचलायला.

तिथे एक रशियन साहेब होते, सावचेंको नावाचे. उंच, सदा कावलेले, हिंदी चार शब्दांची. ट्रान्सफॉर्मरच्या मधला गाभा अखंड लोखंडाचा नसतो, कागदासारख्या पातळ पत्र्यांचा असतो, एकावर एक शेकडो पत्रे रचलेला. ते पत्रे न वाकवता, न खरवडता रचायला माणूस हवा होता. शॉपमधल्या जाड हातांनी चार दिवसांत इतके पत्रे वाकवले की साहेबांनी टोपी आपटली. मग त्यांची नजर चंपतच्या बोटांकडे गेली. ती बोटं लहानपणापासून तेंदूची पानं एका मापात कापत आली होती. त्यांनी त्याला पत्र्यांवर बसवलं.

ही जागा देवाजीला हवी होती. देवाजी बोपचे तिरोड्याकडचा, शॉपमध्ये सगळ्यांत जुना, अंगानं दणकट आणि बोलण्यात पुढे. पत्र्यांवर जो बसेल तो पुढे फिटर होणार, परमनंट होणार, त्याला सेक्टरमध्ये क्वार्टर मिळणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कालचा खलाशी, आणि तोही हा, आपल्या डोक्यावर जाऊन बसला हे देवाजीच्या घशाखाली उतरलं नाही. त्या दिवसापासून तो चंपतचं नाव तोंडानं घेईना. ‘वार्निश’ म्हणे. बाकीचेही तेच म्हणायला लागले.

नाव पडलं ते कामामुळे. रचायच्या आधी प्रत्येक पत्रा वार्निशमध्ये बुडवायचा, निथळायचा, भट्टीत वाळवायचा. मग त्यावर तपकिरी, मळकट दिसणारा पातळ थर बसे. तो कशासाठी, हे साहेबांनी दुभाष्याला शेजारी उभं करून जमिनीवर खडूनं काढून दाखवलं होतं. वीज उलटसुलट धावते तसं लोखंडातलं चुंबक उलटसुलट होतं, आणि त्याच्या ओढीनं लोखंडाच्या पोटात विजेचे भोवरे फिरायला लागतात. अखंड लोखंडात भोवरा हवा तेवढा मोठा होतो आणि लोखंड तापतं. पत्रे केले आणि मध्ये वार्निश दिलं की भोवरा आपल्याच पत्र्यात कोंडतो, बारीक राहतो. वार्निश कुठे खरवडलं गेलं तर तो तिथून शेजारच्या पत्र्यात सरकतो, दोघांचा मिळून मोठा होतो, उष्णतेनं पुढचं वार्निश जाळतो आणि आणखी पुढे सरकतो. साहेबांनी खडूचे गोल मोठे मोठे करत नेले आणि शेवटी बुटानं सगळं पुसून टाकलं. चंपतनं वैनगंगेचे भोवरे पाहिले होते. दोन खडकांच्या मधला भोवरा ताटाएवढा असतो आणि मोकळ्या डोहातला अख्खी नाव फिरवतो. त्याला दुभाष्याची गरज पडली नाही. बाकीची माणसं मागे उभी होती, पण पत्र्यांचं काम त्यांचं नव्हतं म्हणून त्यांनी ते कानांआड केलं.

सप्टेंबरात विश्वकर्म्याची पूजा आली. कारखान्यात तो मोठा दिवस. सकाळी शॉप धुवायचं, यंत्रं पुसायची, हत्यारं चकचकीत घासून मांडायची, दुपारी पूजा आणि प्रसाद. चंपतनं आपला कोपरा झाडला, क्रेनच्या ट्रान्सफॉर्मरसाठी वार्निश देऊन ठेवलेले पत्रे ताडपत्रीखाली झाकले आणि पूजेच्या वेळी तो बाहेर भिंतीच्या सावलीत जाऊन बसला. कोणाला न दुखवता बाजूला होणं त्याला जमलं असतं, पण तसं त्यानं केलं नाही. शॉपवर देखरेख करणारे चार्जमन बाबाराव नागपूरचे, सगळ्यांना सांभाळून घेणारे. त्यांनी त्याला नुसतं हात जोडायला ये म्हणून सांगितलं होतं. तो म्हणाला की हात जोडायचं त्यानं नागपूरला सोडलं, आणि दगडाला जोडायचे तर खडी फोडतानाच जोडले असते. हे सगळ्यांनी ऐकलं. बाबारावांनी पुढे काही म्हटलं नाही. त्याच संध्याकाळी ते एका लग्नासाठी नागपूरला गेले. परत येईतो क्रेनचा ट्रान्सफॉर्मर तयार हवा, एवढं सांगून गेले.

दुसऱ्या दिवशी चंपतनं ताडपत्री काढली तर पत्रे चांदीसारखे चमकत होते. सगळेच्या सगळे. वार्निशचा मागमूस नव्हता. काचकागदानं घासलेले, घासलेटानं पुसलेले, आणि वरच्या पत्र्यावर कुंकवाचं बोट ओढलेलं. घासलेटाच्या वासाखाली दुसरा एक वास होता. तो गोमूत्राचा होता हे त्याला गावाकडच्या अनुभवानं लगेच कळलं.

जानराव नावाचा एक होता, त्याच्या तोंडात काही राहत नसे. तो हसत जवळ आला. “वार्निश, तुये पत्रे न्हाऊन-धुऊन बसले ना बे.”

चंपतनं देवाजीकडे पाहिलं. देवाजी मोटारीच्या बेअरिंगला ग्रीस भरत होता. त्यानं मान वर केली नाही, पण बोलला सगळ्यांना ऐकू जाईल असा.

“देवासमोर मांडाचे होते. तुया हाताचं तसंच मांडू का आमी?”

कोणी हसलं नाही. जानरावसुद्धा मागे सरला.

आता काय करायचं ते चंपतला माहीत होतं. पत्रे पुन्हा बुडवायचे, पुन्हा वाळवायचे. बाबाराव येईतो घाईघाईनं का होईना, झालं असतं. किंवा साहेबांकडे जायचं आणि सांगायचं. पण सांगायचं म्हणजे काय? माझा हात लागला होता म्हणून यांनी लोखंड शुद्ध करून घेतलं, हे त्यानं स्वतःच्या तोंडानं, दुभाष्याच्या तोंडातून, परक्या माणसाला सांगायचं. गावात असताना असलं काही झालं की बाप मान खाली घालून घरी येई आणि भांडी आपटी. चंपतनं मान खाली घातली नाही. त्यानं पहिला पत्रा उचलला आणि तसाच, उघडा, साच्यात बसवला. मग दुसरा. दिवसभर तो रचत राहिला. इतकं नीट रचणं त्याच्या हातून याआधी झालं नव्हतं. कडेला कड, भोकाला भोक. तुमच्या देवाचं लोखंड आहे ना, मग बसवतो तसंच. पाहू द्या तुमच्या देवालाही.

संध्याकाळी त्यानं भात चिवडला आणि ताट सरकवलं. रुक्मानं आधी दुर्लक्ष केलं, मग काढून काढून सगळं वदवून घेतलं. ती दिवसभर सिमेंटच्या टोपल्या वाहून आलेली, पायाच्या भेगांत तेल भरत बसली होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

“अन् तुमी तसेच बसवले?”

“बसवले.”

“कावून?”

त्यानं सरकवलेलं ताट उचलून कोपऱ्यात ठेवलं.

“जळन तं नाव कोनाचं येईन?”

“त्याईच्या देवाचं येईन. त्यानंच आंगोळ घालून घेतली.”

“देवाले कोनी कामावरून काढत नाई जी,” रुक्मा म्हणाली. “मी आनखी किती टोपल्या वाहू, तेवढं सांगून द्या मंग.”

मग तिनं जे सुनावलं ते बरंच होतं. क्वार्टर, नळ, पक्क्या छपराची सावली, पोटात असलेलं लेकरू, सगळं त्यात आलं. राग त्यांचा होता तर तो त्यांच्या अंगावर काढायचा, आपल्या घरावर कसला काढता, असं ती म्हणाली. चंपत उठून बाहेर जाऊन बसला. तिचं म्हणणं त्याला पटलं होतं, आणि पटलं म्हणून तो आणखी चिडला.

सकाळी तो लवकर निघाला ते गाभा उकलायचाच, असं ठरवून. पण शॉपमध्ये पोहोचला तेव्हा रात्रीतच गाभ्यावर तारांच्या गुंडाळ्या चढल्या होत्या, बोल्ट आवळले होते, आणि देवाजी स्वतः तारा जोडून चाचणीच्या टेबलाशी उभा होता. बाबाराव दुपारी परत येणार होते. त्यांच्या डोळ्यांसमोर तयार माल ठेवायची देवाजीला घाई होती. थांबव म्हणायचं तर देवाजीला म्हणायचं होतं. चंपतच्या जिभेशी शब्द आले होते. तेवढ्यात देवाजी जानरावला म्हणाला, “वार्निशले जरा दूर उभं राहू दे, हवा येऊ दे आमाले.” चंपतनं ओठ मिटले आणि तो खरंच दूर उभा राहिला.

साहेब आले, वीज सोडली. ट्रान्सफॉर्मर घुमायला लागला. नेहमी घुमतो तसा नव्हे, दाढ दुखणाऱ्या माणसासारखा. थोड्या वेळात गाभ्याजवळ हात नेता येईना. मग गुंडाळीवरच्या सुती पट्टीचा जळका वास आला, कोपऱ्यातून धुराची बारीक दोरी निघाली, आणि साहेबांनी धावत जाऊन स्विच खाली ओढला. त्या क्षणी चंपतला पोटात थंड वाटलं, उन्हात पाणी प्यायल्यासारखं. ते सुख धूर विरेपर्यंतही टिकलं नाही. साहेबांची नजर शॉपभर फिरत त्याच्यावर येऊन थांबली.

दुपारी बाबाराव आल्यावर गाभा सगळ्यांसमोर उकलला. उघड्या पत्र्यांवर निळे-जांभळे डाग उमटले होते, गोल, कडेला फिकट होत गेलेले. वरच्या पत्र्यावर रुपयाएवढा, खाली बशीएवढा, आणखी खाली जरा बाजूला सरकलेला आणि परातीएवढा. भोवरा कसा कसा चालत गेला ते लोखंडावर लिहिल्यासारखं दिसत होतं. साहेबांनी एक पत्रा उजेडात धरला, नखानं खरवडला आणि विचारलं, वार्निश कुठे आहे.

पत्रे चंपतच्या ताब्यात असतात, असं देवाजी लगेच म्हणाला. ते खरंच होतं. बाबारावांनी चंपतला बाजूला घेऊन हलक्या आवाजात सांगितलं की परमनंटची नावं याच महिन्यात वर जायची आहेत, काही सांगायचं असेल तर आत्ताच सांग. नाहीतर उद्यापासून खनिजाच्या यार्डात फावडं आहेच.

चंपत पुढे आला आणि त्यानं दुभाष्याला हिंदीत सांगितलं. पूजेच्या दिवशी या लोकांनी पत्रे घासले. माझा हात लागला होता, म्हणून घासले. गोमूत्र शिंपडलं. दुभाष्या कानपूरकडचा, धुतलेल्या कपड्यातला माणूस. त्यानं बाबारावांकडे पाहिलं, बाबाराव जमिनीकडे पाहत होते. मग दुभाष्यानं साहेबांना काहीतरी सांगितलं. ते फार आखूड होतं. साहेबांनी खांदे उडवले, जणू सणासाठी सफाई झाली एवढंच त्यांना कळलं होतं.

चंपतनं पुन्हा सांगितलं नाही. त्यानं टेबलावरून एक चांगला, वार्निश असलेला जुना पत्रा उचलला, आपला उजवा पंजा त्यावर सपाट दाबला आणि साहेबांना दाखवला. पंजाचा पुसट ठसा उमटला. मग त्यानं देवाजीकडे बोट केलं, काचकागद घेतला, आणि बरोबर त्या ठशावर, फक्त ठशावर, घासायला लागला. लोखंड पांढरं पडेपर्यंत घासलं. पत्रा नाकाशी नेऊन तोंड वाकडं केलं. मग तो तसाच, वार्निशमध्ये पंजाच्या आकाराचं पांढरं भोक पडलेला, साहेबांच्या हातात दिला.

साहेबांनी पत्रा पाहिला, चंपतला पाहिलं, देवाजीला पाहिलं. दुभाष्या काही बोलायला लागला तर त्याला हातानं गप्प केलं. आपल्या मोडक्या हिंदीत त्यांनीच विचारलं, “तुम देखा? सफेद देखा?”

“देखा, साहेब.”

“फिर लगाया?”

“लगाया.”

“क्यों?”

चंपतला इथे खोटं बोलता आलं असतं. बाबारावांची घाई होती म्हणता आलं असतं. तो म्हणाला, “मेरा हाथ तो इन्होंने धो डाला था. फिर वो काम मेरा कहां रहा.”

हे साहेबांना किती कळलं कोण जाणे. त्यांनी पत्रा टेबलावर आदळला आणि रशियनमध्ये बराच वेळ बोलत राहिले, आधी देवाजीकडे पाहून, मग तितकाच वेळ चंपतकडे पाहून. दुभाष्यानं त्यातलं काहीच भाषांतर केलं नाही, आणि कोणी मागितलंही नाही.

बाबारावांनी कागदावर लिहिलं ते सफाईत नजरचुकीनं वार्निश गेलं असं. खरं लिहिलं असतं तर प्रकरण वरपर्यंत गेलं असतं, देवाजीवर अस्पृश्यतेच्या कायद्याखाली खटला झाला असता, आणि ज्यानं पाहून पत्रे बसवले तोही सुटला नसता. हे त्यांनी चंपतला समजावून सांगितलं. चंपतला समजलं, पण गोड वाटलं नाही. त्याची जागा राहिली. परमनंटच्या यादीतून मात्र त्याचं नाव त्या वर्षापुरतं खाली आलं, आणि रुक्मा बाळंत होईपर्यंत टोपल्या वाहत राहिली. साहेबांनी एकच हुकूम दिला, आणि तो देऊनच ते दुसऱ्या शॉपला गेले: ज्यानं वार्निश काढलं तोच आता लावेल, चंपतच्या हाताखाली. आणि ओला पत्रा जमिनीवर ठेवायचा नाही, टेबलावर टेकवायचा नाही, थर दुखावतो. कडेला धरून या हातातून त्या हातात देत भट्टीकडे न्यायचा.

पहिल्या दिवशी देवाजी दात आवळून आला. चंपतनं पत्रा बुडवला, निथळला आणि पुढे धरला. देवाजीनं तो अगदी टोकाला, दोन नखांत धरल्यासारखा घेतला. पत्रा लवला, निसटला, खाली पडला. चंपतनं तो उचलला, पुसून काढला, पुन्हा बुडवला, पुन्हा पुढे धरला. तो पुन्हा पडला. शॉपमधलं काम हळूहळू थांबलं, सगळे पाहायला लागले.

“कडा पुऱ्या धर,” चंपत म्हणाला.

“पाह्यलं ना,” देवाजी म्हणाला, “लोखंडालेबी आपापल्या थरात ठेवा लागते. शिवाशिव झाली का जळते.”

“त्या थराचं वार्निश मी लावलं होतं. तुमी धुतलं तवा जळलं.” चंपतनं पत्रा पुढेच धरून ठेवला होता. “धर.”

वार्निश निथळून पत्र्याच्या खालच्या कडेला थेंब जमत होते. पुढचा थेंब पडायच्या आत धरला नाही तर थर जाड बसतो आणि पुन्हा सगळं करावं लागतं. देवाजीनं हात पुढे केले. कडा पुऱ्या धरायच्या तर बोटं बोटांवरून जातात, त्याला इलाज नसतो. ती गेली. चंपतनं पत्रा लगेच सोडला नाही. देवाजीची पकड बसली की नाही ते पाहायला जितका वेळ लागतो त्याहून थोडा जास्त वेळ त्यानं धरून ठेवला, आणि मग सोडला.

असं रोज चाललं. पत्र्यामागून पत्रा. दोघांत कामापुरता शब्द, त्यापलीकडे एक नाही. पाळी सुटल्यावर देवाजी नळावर घासलेटानं हात घासघासून धुवी. वार्निश लागलेल्या प्रत्येकाला तसं धुवावंच लागतं, चंपतही धुवी, त्याच नळावर, त्याच्या मागे उभा राहून. आपली पाळी येईपर्यंत तो देवाजीच्या हातांकडे पाहत राही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी देवाजीनं बाबारावांना गाठून दुसरीकडे बदली मागून घेतली. क्रेनवर जागा होती, ती त्याला मिळाली. तिथे एकटं वर बसायचं असतं. तो गेला त्या सकाळी चंपतनं नेहमीसारखा डबा खिळ्याला अडकवला, बाह्या सारल्या आणि वार्निशच्या टाकीशी जाऊन उभा राहिला. पहिला पत्रा बुडवून वर काढला. समोर कोणी नव्हतं. थेंब गळायला लागले.

“साहेब,” त्यानं बाबारावांना हाक दिली, “आता कोन येऊन राहिला?”

बाबारावांनी शॉपभर पाहिलं. जो तो आपापल्या मोटारीत वाकलेला होता. चंपत पत्रा तसाच पुढे धरून उभा राहिला.